फांग झाओलिंग यांचं प्रदर्शन: पहिल्या फलकावर आठ मुलं की ब्रश?

काजळमाया
हाँगकाँगच्या एशिया सोसायटीत 2017 साली चिनी चित्रकार फांग झाओलिंग (1914–2006) यांच्या शाईचित्रांचं प्रदर्शन झालं. त्यांच्याबद्दल लिहायला घेतलं की सुरुवात ठरलेलीच: 1950 मध्ये नवरा वारला, पदरात आठ मुलं, त्यातली अ‍ॅन्सन चॅन पुढे हाँगकाँगची मुख्य सचिव. माझं मत, पुढच्या प्रदर्शनात हे दारातल्या फलकावरून काढा. तिथे शाई वाचायची कशी ते सांगा. कच्च्या शुआन कागदाला, म्हणजे शाई शोषणाऱ्या पारंपरिक चिनी कागदाला, तुरटी-सरसाचा हात दिलेला नसतो. त्यावर एका फटकाऱ्यावरून दुसरा ओढला की नंतरचाच खाली गेल्यासारखा दिसतो आणि आधीच्याची कड शाबूत राहते. आधीच्या शाईतल्या सरसानं तंतू भरलेले असतात, म्हणून नवी शाई तिथे शिरत नाही. एवढं कळलं की डोंगराची कुठली रेघ आधीची, हे बघणारा स्वतः शोधतो.

उलटतपासणी
सपशेल असहमत. चरित्र काढलंत तर शैली बदलली कशी, हे कळणार कसं? चीनमधल्या वूशीत छियान सोंगयान यांच्याकडे शिक्षण, 1937 मध्ये मँचेस्टरला इतिहास शिकायला, मग युद्ध. वैधव्यानंतर झाओ शाओआंग यांच्याकडे लिंगनान या दक्षिण चिनी पद्धतीची फुलं-पक्षी, पुढे गुरू झांग दाछियान. त्यानंतर कुठे त्या जाड, खडबडीत, जुन्या शिलालेखांच्या अक्षरांसारख्या रेघा येतात. व्हिएतनाममधून होड्यांतून पळालेल्या निर्वासितांची चित्रं तर युद्धात स्वतः परागंदा झालेल्या बाईची आहेत.

काजळमाया
झांग दाछियानची मुलं किती, हे कुठल्या फलकावर वाचलंत? गुरू आणि गावं जरूर लिहा. बाळंतपणं कशाला?

उलटतपासणी
कारण मधली वर्षं ब्रश बाजूला का पडला, त्याचं उत्तर तिथेच आहे. नवऱ्याचा व्यापारही त्यांनीच पाहिला. हे लपवून कुणाचं भलं होणार?

पन्नास_लक्स
फलकावरून भांडा खुशाल, पण चित्र दिसू तरी द्या. गडद शाईचा मोठा भाग साध्या काचेआड ठेवला की त्यात समोरच्या माणसाचा शर्टच दिसतो. प्रतिबिंबरोधक काच लावा, समोरची भिंत गडद ठेवा आणि दिवा वरून, उभ्या रेषेशी साधारण 30 अंशांत. उजेड 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपास, म्हणजे मंदच.

काजळमाया
शाई काजळीची, ती उडत नाही. मग 50 कशाला? अंधारात कोरड्या ब्रशचे पांढरे ओरखडे दिसतच नाहीत, आणि यांच्या चित्रात तेच तर बघायचं.

पन्नास_लक्स
शाई टिकते हो, बाकीचं टिकत नाही. कागद पिवळा पडतो, वनस्पतीजन्य पिवळा रंग उडतो, शिक्क्याचा लाल हिंगुळ काळवंडतो. लक्स वाढवायचेच असतील तर चित्रं लवकर बदला, कारण नुकसान उजेड गुणिले तास असं साठतं. गुंडाळीचं चित्र असेल तर आर्द्रताही सांभाळा. चित्राचा कागद आणि मागचे थर वेगवेगळे ताणले गेले की कडा वळतात. ओरखड्यांसाठी शेजारी मोठा फोटो लावा.

उलटतपासणी
फोटो कशाला? कच्च्या शुआनचा तुकडा ठेवा, दोन फटकारे मारलेला. हाताळू द्या लोकांना. इथे मी काजळमायांच्या बाजूनं. पण मुलं पहिल्या फलकावरच.

काजळमाया
तुकडा मंजूर. मुलांच्या दोन ओळी निर्वासितांच्या चित्राशेजारी लावा. दारात नकोत.