तांब्याचा पत्रा मागून ठोकताना फाटतोय, जाड घेऊ का?

नवाठोक्या:
मंडळी, तांब्याच्या पत्र्यावर मागून ठोकून एक पान उठवायचा प्रयत्न चाललाय. पत्रा ०.५ मिमीचा, खाली जुनी रबर मॅट. सुरुवातीला मस्त उठतं पण थोड्या वेळाने टणटण वाजायला लागतं, पत्रा दबतच नाही आणि मग जोर लावला की देठापाशी चर्रकन चीर जाते. दोन पत्रे वाया गेले.

हातोडीवाला:
जाडीचा काही संबंध नाही. स्टॅच्यू ऑफ लिबर्टी पण तांब्याचा पत्रा ठोकूनच केलाय, एवढा उंच पुतळा आणि पत्रा जेमतेम २.४ मिमी. टणटण वाजलं म्हणजे पत्रा कडक झाला, तिथेच थांबायचं. खोलीत अंधार करून टॉर्चने तापव, उजेडात लाली कळत नाही, मंद लाल दिसला की पाण्यात सोड. पाण्याने कडक होतं ते पोलाद, तांबं मऊच राहतं. एका पानाला मी चार-पाचदा तरी तापवतो.

राळभक्त:
वरचं बरोबर, पण ती रबर मॅट आधी काढा! राळेत विटेची बारीक पूड आणि थोडं तेल घालून वितळवा आणि पत्रा त्यावर बसवा, मग ठोका पडेल तेवढंच दबतं, आजूबाजूचा पत्रा उचलत नाही. पुढून रेघा मारायला उलटा कराल तेव्हा मागची पोकळी राळेने गच्च भरा, नाहीतर उठवलेलं सगळं आत बसतं (माझा अख्खा मोर असाच चपटा झाला होता). आणि तापवायच्या आधी राळ टर्पेंटाइनने पुसून पूर्ण वाळू द्या, ओलं असताना टॉर्च लावला तर भडका उडेल.

कलमबहाद्दर:
चीर देठापाशीच जाते ना? मग कलमाची, म्हणजे ज्या छिन्नीसारख्या हत्याराने ठोकताय त्याची, धार बघा. आपल्याला पत्रा दाबायचाय, कापायचा नाही. टोक अंगठ्याच्या नखावरून ओढा, ओरखडा उठला तर पॉलिश पेपरवर घासून गोल करा. शिवाय खोली एकाच जागी काढू नका, आधी मोठ्या गोल पंचने सगळं पान उठवा, देठ शेवटी.

नवाठोक्या:
तापवून बघितला, आवाजच बदलला राव, आता धप्प येतो! पण पत्रा काळाकुट्ट झालाय, हे काय आता?

हातोडीवाला:
खवले धरतात तसे, चालायचंच. सायट्रिक अॅसिडच्या कोमट पाण्यात ठेव, जातील. फक्त लोखंडी चिमटा त्यात बुडवू नकोस.