सनईसारखं वाजवणारा हा झेलेन्का कोण?

बांधावरचा (परभणी)
रात्री दारं धरायला गेलतो, आमच्याकडं या हप्त्यात शेतीची लाईट रात्री बाराला यायली, तोवर बांधावर बसून मोबाईलवर काहीबाही लावत असतो. ॲपनं आपोआपच एक लावलं आन् मी चाटच पडलो, दोन सनया एकमेकींच्या मागं पळायल्यात आन् खाली एक जाड आवाजाचं वाद्य, तेबी मागं राहीना. नाव दिसलं यान डिस्मास झेलेन्का. बाख, विवाल्डी या युरोपातल्या जुन्या संगीतकारांचं नाव तरी ऐकून होतो, हा कोण? आन् ते जाड काय वाजतंय?

पत्तीवाला (लातूर)
सनई नाही भाऊ, ओबो. पण भावकीच, दोन्हीला तोंडात दुहेरी पत्ती. जाड वाजतंय ते बसून, म्हणजे खाली बसून नव्हे, वाद्याचं नावच बसून 😄 त्यालाबी तसलीच पत्ती.
झेलेन्का मूळचा बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेकियातला, जन्म १६७९, जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या दरबारात व्हिओलोने नावाचं मोठं तारवाद्य वाजवायचा, म्हणजे सगळ्यात खालचा सूर त्याच्याच हातात. म्हणून त्याचा बास, म्हणजे खालची ओळ, नुसता टेकू देत नाही, मधीच उठून बोलायला लागतो. तू ऐकलं ते त्याच्या सहा सोनाट्यांतलं, म्हणजे नुसत्या वाद्यांसाठीच्या रचनांतलं, असणार, १७२० च्या आसपासचे. आणि दम लै लागतो त्याला, श्वास घ्यायला जागाच ठेवली नाही पठ्ठ्यानं. आपले सनईवाले गालात वारा धरून नाकानं श्वास घेतात ना, हॉलिगर नावाच्या स्विस ओबोवाल्याला तेच जमायचं, १९७० च्या दशकात त्यानं हे सोनाटे रेकॉर्ड केले तवा कुठं लोकांचे कान टवकारले.

जुनी_कॅसेट (संभाजीनगर)
हॉलिगरचं मस्तच आहे पण वाद्य आजचं. त्या काळच्या, कमी चाव्यांच्या ओबोवर वाजवलेलं ऐका, आवाज जरा खरबरीत, सनईच्या अजून जवळ. बाकी माणूस मागं का पडला म्हणाल तर १७२९ ला दरबारचा मुख्य संगीतकार हाइनिखेन वारला, झेलेन्कानं त्या जागेसाठी अर्ज केला आणि जागा गेली ऑपेरावाल्या हास्सला. तवा ऑपेराची, म्हणजे गाण्यातल्या नाटकाची चलती, हा चर्चसाठी लिहिणारा. वर हयातीत हे सोनाटे छापलेच नाहीत, मग बाहेर कोणाला कळणार. थोरल्या बाखला मात्र त्याची किंमत होती.

बांधावरचा (परभणी)
खालचं सतत वाजतंय ते तंबोऱ्यासारखं का मग?

पत्तीवाला (लातूर)
न्हाई न्हाई, तंबोरा एका जागी राहतो, हा बास चालत राहतो. हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोसारखं जुनं वाद्य, ते वाजवणाऱ्याला फक्त खालची ओळ आणि तिच्यावर आकडे देतात, वरचं तो आपल्या मनानं भरतो. पाचवा सोनाटा लाव, एफ मेजर सुरातला, त्यात बसूनला मोकळं रान दिलंय.

बांधावरचा (परभणी)
लावला. मोटार सुरू झाली पण उठू वाटंना, पाणी तिसऱ्या सरीत गेलंय बहुतेक.