बर्ड्सच्या ग्रेटेस्ट हिट्सबद्दल थोडी भर

कोणीतरी लिहिलंय की बर्ड्स ह्या अमेरिकन रॉक बँडचं १९६७चं 'ग्रेटेस्ट हिट्स' म्हणजे निम्मा बॉब डिलनच, त्याचीच गाणी. निम्मा नाही हो, ११ पैकी ४ गाणी, पण ठीके, रोख कळला. फक्त 'मिस्टर टॅम्बरीन मॅन' एकदा दोघांचंही लागोपाठ ऐका, डिलनचं साडेपाच मिनिटांचं, बर्ड्सनी त्यातलं एकच कडवं ठेवलं आणि बँडमधल्या रॉजर मॅग्विनच्या बारा तारांच्या रिकनबॅकर गिटारवर अडीच मिनिटांत संपवलं, त्याला कॉपी कसं म्हणणार? (त्या सिंगलवर बँडपैकी वाजवलंय एकट्या मॅग्विननेच, बाकी सगळे स्टुडिओवाले वादक. गायलेत मात्र हेच.)

माझ्यासाठी ह्या रेकॉर्डचा जीव 'एट माइल्स हाय'मध्ये आहे. टूरच्या गाडीत जॅझ सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन आणि आपल्या रविशंकरांची टेप सतत चालू असायची, ते सगळं त्यात उतरलंय. सतार शोधू नका, नाहीये, गिटारच कोल्ट्रेनच्या सॅक्सोफोनसारखी सैरावैरा धावते आणि मग एकदम त्या गोड हार्मनीवर येऊन टेकते, भारीच!

तक्रार एकच, जीन क्लार्क. सुरुवातीला बँडमधला सगळ्यात दमदार गीतकार तोच, आणि त्याच्या एकट्याच्या नावावरचं गाणं इथे फक्त एक. 'सेट यू फ्री धिस टाइम' तरी घ्यायला हवं होतं राव. आणि हो, कंट्री संगीतवाले बर्ड्स ह्यात सापडणार नाहीत, तो अल्बम ('स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ') १९६८चा, तो वेगळा घ्यावा लागेल.