तात्यांची तवेरा : जीएम कंपनी खरंच फसवी होती का?

कोरेगावचा_पोरगा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा हाय पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती. आमच्या वडिलांकडं, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, २००९ ची शेवरलेट तवेरा हाय, जीएम कंपनीची. आधी सातारा-कोरेगाव लाईनला चालली, नंतर भाड्याला. गोंदवलं, पालीची यात्रा, मांढरदेव, लग्नाची वऱ्हाडं, कुणाला रात्री अपरात्री पुण्याला दवाखान्यात न्यायचं असलं तरी तात्यांनाच फोन यायचा. माझं शिक्षण आणि ताईचं लग्न ह्या एका गाडीवर झालं, त्यामुळं आमच्या घरात ती गाडी म्हणजे घरातलंच माणूस हाय असं समजा.

आता झालं काय, परवा पोवई नाक्यावर टपरीवर चहा पिताना ओळखीतला एकजण तात्यांना तोंडावर म्हणाला की ही कंपनीच चारसोबीस, अमेरिकेत दिवाळं काढलं, इथं सरकारला फसवलं आणि गाशा गुंडाळून पळाली, तुम्ही अजून तिचा डबा काय जपत बसलाय. तात्या काहीच बोलले नाहीत. घरी आले, बादलीत पाणी घेतलं आणि पुढच्या जाळीवरचं ते सोनेरी चिन्ह फडक्यानं पुसत बसले, ते अर्धा तास तिथंच. मला बघवलं नाही.

तर मला खरं खरं सांगा, जीएम म्हणजे जनरल मोटर्स ही कंपनी नेमकी कशी होती? लय मोठी होती म्हणतात, मग बुडाली कशी? आणि तवेराचं ते फसवणुकीचं प्रकरण काय होतं? गोड गोड बोलू नका, जे हाय ते लिहा, मी तात्यांना वाचून दाखवणार हाय.

वाडीकर_रिटायर्ड

पोरा, तुझ्या तात्यांना माझा नमस्कार सांग. मी शेजारच्या सांगली जिल्ह्यातला, आयुष्य मशिनशॉपमध्ये गेलं, ह्या कंपनीचा इतिहास मला फार वर्षांपासून आवडीचा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचं गाव आहे, तिथं विल्यम ड्युरांट नावाचा माणूस घोडागाड्या बनवायचा. त्यानं १९०४ मध्ये ब्यूक ही मोटारीची कंपनी हातात घेतली आणि १९०८ च्या सप्टेंबरात जनरल मोटर्स काढली. मग काय, ओल्ड्समोबाईल घे, कॅडिलॅक घे, विकत घेण्याचा सपाटाच लावला आणि दोन वर्षांत एवढं कर्ज करून बसला की १९१० ला बँकांनी त्याला बाजूला केलं. पण गडी खचला नाही, लुई शेवरलेट नावाच्या रेसच्या ड्रायव्हरला धरून १९११ ला शेवरलेट काढली, ती चालली, आणि त्या पैशाच्या जोरावर १९१६ ला जीएम परत ताब्यात घेतली. १९२० ला पुन्हा हातातून गेली ती कायमचीच. म्हातारपणी हा माणूस त्याच फ्लिंटमध्ये लोकांना चेंडू टाकून लाकडी बाटल्या पाडायचा खेळ असतो ना, बोलिंग, त्याचा गाळा चालवत होता. शून्यातून उभं करणारा माणूस शेवटी असा गेला ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

खरी कंपनी बांधली ती आल्फ्रेड स्लोन ह्यानं, १९२३ पासून. इंजिनिअर माणूस, आधी बेअरिंगच्या कारखान्यात होता. त्या काळी फोर्ड एकच मॉडेल टी विकायचं, स्वस्त आणि काळी. स्लोननं काय केलं, पायऱ्या केल्या. पहिली गाडी घेणाऱ्याला शेवरलेट, पगार वाढला की पाँटिअॅक, मग ओल्ड्समोबाईल, ब्यूक, आणि पार वर पोचला की कॅडिलॅक, म्हणजे माणूस श्रीमंत झाला तरी गिऱ्हाईक आपलंच. आणि दुसरं म्हणजे हप्ता. जीएमनं १९१९ लाच स्वतःची कर्ज देणारी कंपनी काढली होती, फोर्डसाहेबाला उधारीवर गाडी विकणं पटत नव्हतं. आज साताऱ्यात शोरूममध्ये गाडी दाखवायच्या आधी 'लोन किती करायचं' विचारतात ना, ती वाट अशी शंभर वर्षांपूर्वीची आहे. दरवर्षी गाडीचं रूप थोडं बदलायचं, म्हणजे शेजाऱ्याची नवी बघून आपली जुनी वाटायला लागते, ही युक्तीही ह्यांनीच पक्की केली, आणि ती मला अजिबात पटत नाही. चालू वस्तू माणसाच्या मनातून उतरवायची हे काही बरं नाही. पण धंदा झाला. १९३१ पासून २००७ पर्यंत, म्हणजे पंचाहत्तर वर्षांहून जास्त काळ, जगात सगळ्यात जास्त गाड्या विकणारी कंपनी हीच. भरभराटीच्या काळात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दोन गाड्यांतली जवळपास एक ह्यांची असायची.

आणि एक गोष्ट तात्यांना नक्की वाचून दाखव. आमच्या लहानपणी ट्रक सुरू करायचा म्हणजे क्लीनर पुढं उभा राहून हँडल मारायचा, आणि इंजिननं उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं, मी एकाचं मोडलेलं डोळ्यानं बघितलंय. ते हँडल घालवून विजेवर गाडी चालू करायची सोय पहिल्यांदा बाजारात आणली ती १९१२ च्या कॅडिलॅकनं, चार्ल्स केटरिंगचा सेल्फ स्टार्टर. आज रोज सकाळी तात्या जो सेल्फ मारतात त्याचं मूळ तिथं आहे. एवढं मोठं काम करणाऱ्या कंपनीला नुसतं चारसोबीस म्हणून मोकळं होणं बरोबर नाही.

मिरज_गॅरेज

वाडीकर साहेबांनी इतिहास मस्त सांगितला, मी तवेराचं सांगतो कारण ह्या गाड्या मी बारा वर्षं खाली झोपून बघतोय.

पहिली गोष्ट, तवेरा दिसायला शेवरलेट पण घराणं इसुझूचं, जपानी. खाली चेसिस म्हणजे लोखंडी सांगाडा, मागं स्प्रिंगचे पाटे, पुढं डिझेल इंजिन, सगळं साधं, हातात घेतलं की समजणारं. २००४ ला आली आणि आपल्याकडं वडापवाल्यांनी, टूरवाल्यांनी उचलून धरली, कारण माणसं बसायची भरपूर आणि खंबाटकीला तक्रार न करता चढायची. तात्यांनी पंप नोझल वेळेवर केलं असेल आणि ऑईल टाळलं नसेल तर ती गाडी अजून चालणार, डबा म्हणणाऱ्याला एकदा आत बसवा.

आता ते प्रकरण. २०१३ च्या जुलैत कंपनीनं स्वतःच जाहीर केलं की २००५ पासून २०१३ पर्यंत बनलेल्या १ लाख १४ हजार तवेरा परत बोलवतोय, कारण धुराच्या चाचणीत गडबड केली होती. गडबड अशी की चाचणीला जी गाडी जायची तिच्यात निवडून ठेवलेलं, कमी धूर सोडणारं इंजिन बसवायचं, म्हणजे कागदावर गाडी पास आणि रस्त्यावर वेगळीच. हे मिस्त्रीला कळायला वेळ लागत नाही, पण गिऱ्हाइकाला कसं कळणार ओ? कंपनीनं काही माणसं कामावरून काढली, सरकारनं समिती नेमली. फसवणूक होती, ह्यात दुमत नाही, आणि धूर सगळ्यांच्याच फुप्फुसात गेला.

पण ह्यात तात्यांचा काय दोष? गाडी घेणाऱ्यानं पैसे मोजून घेतली, पासिंग सरकारनं केलं. त्या टपरीवरच्या माणसाला म्हणावं, फसला कोण आणि फसवलं कुणी एवढं तरी बघ.

पार्टचं म्हणाल तर तवेराचं सामान अजून मिळतं, कोल्हापूर पुण्यात शोधावं लागतं पण मिळतं. ह्याच्या उलट माझ्याकडं एक दुसऱ्याच कंपनीची गाडी येऊन पडली होती, नाव घेत नाही, कंपनी अजून इथं धंदा करते आणि एका सेन्सरसाठी ती गाडी माझ्या दारात दोन महिने उभी होती, मालक हळदीचा व्यापारी, ऐन सीझनला रिक्षानं मार्केट यार्डात जायचा. तेव्हा 'कंपनी हाय' आणि 'पार्ट हाय' ह्या दोन वेगळ्या गोष्टी हायत.

कराड_लेन्स

मी जरा कडू लिहिणार आहे, राग मानू नका. तात्यांबद्दल आदर आहेच, पण कंपनीला एवढ्यात सोडू नका. तवेराचं प्रकरण हे एकटं नाही.

अमेरिकेत ह्यांच्या कोबाल्ट वगैरे छोट्या गाड्यांत चावी लावायची जागा असते ना, तिथला स्विच ढिला होता. चावीला जरा जड जुडगा असला किंवा गुडघा लागला तरी चावी चालत्या गाडीत मागं फिरायची. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि सगळ्यात भयंकर म्हणजे एअरबॅग उघडायची नाही कारण गाडीच्या हिशोबानं ती बंद असायची. आता आत काय झालं ते बघा. २००६ च्या सुमारास तो स्विच गुपचूप सुधारला, पण पार्टचा नंबर तोच ठेवला. म्हणजे जुना खराब कुठला, नवा बरा कुठला हे बाहेरच्याला कळायची सोयच नाही. गाड्या परत बोलवल्या कधी, तर २०१४ ला, २६ लाख गाड्या. नुकसानभरपाईसाठी जो निधी काढला त्यानं १२४ मृत्यू ह्या दोषामुळं झाले असं मान्य केलं. १२४ माणसं, आणि तो भाग किरकोळ किमतीचा. सरकारला ९० कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. मला विचाराल तर २००९ च्या दिवाळखोरीपेक्षा ही गोष्ट जास्त काळी आहे, पैसे बुडालेले परत कमावता येतात.

दिवाळखोरीचं पण सांगतो कारण प्रश्नात आहे. १ जून २००९ ला कोर्टात गेले तेव्हा मालमत्ता ८२ अब्ज डॉलर आणि देणी १७३ अब्जाच्या आसपास. कारणं अनेक, निवृत्त कामगारांच्या पेन्शन आणि दवाखान्याचा बोजा, जपानी गाड्यांशी स्पर्धा, सगळा भर मोठ्या पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवर, त्यात २००८ ला तेल भडकलं आणि मंदी आली. सरकारनं जवळपास ५० अब्ज डॉलर घातले, ६१ टक्के मालकी घेतली, शेवटचे शेअर २०१३ ला विकले तेव्हा दहा अब्जाच्या वर तोटा करदात्यांच्या अंगावर राहिला. पाँटिअॅक बंद, सॅटर्न बंद. ज्या पायऱ्या स्लोननं बांधल्या त्यातली पाँटिअॅकची पायरी पाडली. बाजूनं एवढंच म्हणेन की तेव्हा बुडू दिली असती तर सामान पुरवणारे हजारो छोटे कारखाने सोबत गेले असते, एमआयडीसीत काम केलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

वाडीकर_रिटायर्ड

कराड_लेन्स, तुमचं एक अक्षर खोडत नाही. स्विचचं प्रकरण वाचलं तेव्हा मलाही झोप लागली नव्हती. ड्रॉइंग बदललं की नंबर बदलायचा हे आम्हाला उमेदवारीच्या पहिल्या महिन्यात शिकवायचे, आणि एवढ्या मोठ्या घरात ते झालं नाही.

फक्त कंपनी म्हणजे वरचे साहेबच नव्हेत हे लक्षात असू द्या. त्याच फ्लिंटमध्ये १९३६ च्या डिसेंबरच्या शेवटी कामगार कारखान्यात गेले आणि बाहेरच आले नाहीत, मशिनशेजारी बसून राहिले. कडाक्याची थंडी, कंपनीनं हीटर बंद केले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, आतून पोरांनी दरवाज्याच्या लोखंडी बिजागऱ्या फेकल्या आणि पाण्याचे पाईप लावले. ४४ दिवस. शेवटी ११ फेब्रुवारी १९३७ ला कंपनीनं युनियन मान्य केली. अमेरिकेत मोटार कामगाराला जे दिवस आले ते तिथून.

आणि आपल्याकडचं म्हणाल तर ही कंपनी इथं एकदा नाही, दोनदा आली आणि दोनदा गेली. १९२८ ला मुंबईत शिवडीला कारखाना काढला होता, सुटे भाग आणून गाड्या जोडायच्या, भारतातला मोटारी जोडणारा पहिला कारखाना तो. स्वातंत्र्यानंतर सरकार म्हणालं नुसतं जोडू नका, इथंच बनवा, तेव्हा १९५४ ला बंद करून गेले. परत आले नव्वदच्या दशकात गुजरातेत हलोलला, ओपेल अॅस्ट्रा घेऊन. शेवरलेट नाव २००३ ला आलं आणि २००८ ला आपलं तळेगाव. ऑप्ट्रा, स्पार्क ह्या मुळात कोरियातल्या देवूच्या गाड्या, जीएमनं ती कंपनी घेतली होती. २०१७ ला इथली विक्री थांबवली, तळेगावातून परदेशी पाठवायच्या गाड्या २०२० च्या डिसेंबरपर्यंत निघत होत्या, मग हजाराच्या वर कामगारांचा प्रश्न कोर्टात गेला. आता तो कारखाना ह्युंदाईकडं आहे, हलोलला एमजीच्या गाड्या बनतात. म्हणजे इमारती आहेत, मशिनं आहेत, पाटी तेवढी बदलली.

'पळाली' म्हणतात ते मात्र मला खोटं वाटत नाही. इथल्या गिऱ्हाइकाला काय हवं हे त्यांनी नीट बसून कधी बघितलंच नाही, जगात जे हाताशी होतं ते आणून शेवरलेटचं चिन्ह लावलं. तवेरा आपल्या रस्त्याला जुळली. बाकीच्यांचं तसं झालं नाही.

कोरेगावचा_पोरगा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर तात्यांना सगळं वाचून दाखवलं, आई पण ऐकत होती. सेल्फ स्टार्टरचं ऐकून तात्या म्हणाले, आजोबांच्या वेळच्या गाडीला हँडल होतं, त्यांनी स्वतः मारलंय. तवेराच्या इंजिनाचं वाचलं तेव्हा मान हलवली, म्हणाले, परत बोलावलेलं मला ठाऊक होतं, तुला लहान म्हणून सांगितलं नाही.

स्विचचं वाचलं तेव्हा मात्र लय वेळ गप्प होते. मग म्हणाले, नंबर बदलला असता तर दुकानात जुना नवा कळला असता की, गिऱ्हाईक नंबर बघूनच पार्ट मागतंय. ते १२४ माणसं किती वयाची होती म्हणून दोनदा विचारलं, मला सांगता आलं नाही.

मिरज_गॅरेज दादा, डाव्या बाजूच्या पाट्याचे बुश गेलेत आणि गाडी तिसऱ्या गिअरला जरा अडखळतीय. येत्या रविवारी सकाळी तात्या स्वतः घेऊन निघतायत, साडेदहापर्यंत मिरजेत पोचू, तेवढं सामान बघून ठेवा.