मदत हवी आहे: ट्रिएस्ट, दोघांसाठी तीन रात्री (जरा घाई आहे)

उंडगा
मंडळी, इटलीत ट्रिएस्टला जातोय. दोघंच. हॉटेल आज रात्रीच बुक करायचंय, त्यामुळे फाटे न फोडता एवढंच सांगा: स्टेशनजवळ राहावं की समुद्राकाठच्या मोठ्या चौकाजवळ? एक दिवस हद्दीपलीकडे स्लोव्हेनियात पिरानला जायचंय, त्यासाठी गाडी भाड्याने घ्यावी का? धावपळ नकोय, म्हणून व्हेनिस मुद्दाम टाळलंय.

खडूस काका
ट्रिएस्टमध्ये तीन रात्री काय करणार? व्हेनिस करा. व्हेनिसशेजारच्या मेस्त्रेला राहिलात तर स्वस्त पडतं, तिथून ट्रेनने दोनेक तासांत ट्रिएस्टही उरकता येतं.

भटकभवानी
काका, शेवटची ओळ वाचा की! उंडगा, महिना कोणता? निघताय कुठून? व्हिसा कसला? काहीच लिहिलेलं नाही तुम्ही.

उंडगा
महिन्याचा आणि हॉटेलचा काय संबंध? असो. ऑक्टोबर, म्युनिकहून. व्हिसाचा प्रश्नच येत नाही, सगळं शेंगेनच आहे, एकाच व्हिसात भागतं.

गाडीवान
म्युनिकहून आहात तर भाड्याची कशाला? स्वतःची काढा. साल्झबर्ग, फिलाख, उदिने करत पाच-साडेपाच तासांत पोचता. ऑस्ट्रियाचं विन्येट (मोटरवेचा मुदतीचा टोल-पास) आणि टाउअर्न बोगद्याचा टोल वेगळा. आम्ही दोन्ही मुलं, सासूबाई आणि डिकीत प्रेशर कुकर घेऊन गेलो होतो. वाटेत खिचडी लावली, काही त्रास झाला नाही.

तिखटमीठ
कपल ट्रिपच्या धाग्यावर सासूबाई आणि कुकर :)

पेंडुलम
मी तिथे आयसीटीपीत होतो (अब्दुस सलाम यांनी १९६४ साली काढलेली भौतिकशास्त्राची संस्था, मिरामारेच्या अंगाला आहे), म्हणून थोडं लिहितो.

चौकाजवळच राहा. त्या चौकाला, म्हणजे पियात्सा उनिताला, तीन बाजूंनी ऑस्ट्रियन थाटाच्या इमारती आहेत आणि चौथी बाजू थेट समुद्राला उघडी. तिथून दोन मिनिटांवर मोलो आउदाचे, म्हणजे पाण्यात सरळ घुसलेला दगडी धक्का. त्याला कठडा नाही. संध्याकाळी अर्धं गाव त्याच्या टोकापर्यंत जाऊन येतं, कडेला पाय सोडून बसतं. समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सूर्यास्तासाठी पिरान गाठायची गरज नाही. स्टेशनही चौकापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे, लांब पडत नाही.

गाडी मात्र नकोच. शहरात ती ठेवायची कुठे यातच तुमचा निवांतपणा संपेल. ६ नंबरची बस बार्कोलाच्या किनाऱ्याने ग्रिन्यानोपर्यंत जाते, तिथून मिरामारेचा किल्ला जवळ.

आणि 'बोरा'ची चौकशी करून निघा. ईशान्येकडच्या पठारावरून समुद्राकडे कोसळणारा थंड वारा. जोर हिवाळ्यात असतो, पण ऑक्टोबरातही येऊ शकतो. झोत ताशी १०० किमीच्या वर जातात. बोरा येऊन गेला की कचऱ्याच्या डब्यांतून मोडक्या छत्र्यांच्या काड्या बाहेर आलेल्या दिसतात. छत्री नेऊच नका, टोपीचं जाकीट न्या.

गाडीवान
बसच्या वेळा सांभाळत पिरान करणार? कठीण आहे. गाडी असली की मनात येईल तिथे थांबता येतं.

पेंडुलम
पिरानच्या जुन्या गावात पाहुण्यांच्या गाड्या सोडत नाहीत. बाहेरच्या पार्किंगला लावायची आणि तिथून बसनेच आत जायचं. मग मिळवलं काय? शिवाय स्लोव्हेनियाच्या मोटरवेला त्यांचं विन्येट लागतं.

गाडीवान
मुज्जाहून (ट्रिएस्टजवळचं किनाऱ्यावरचं गाव) मोटरवे टाळून साध्या रस्त्यांनी गेलं तर लागत नाही. गाडी चालवणाऱ्याला ठाऊक असतं हे.

भटकभवानी
तुमचं चालू द्या. उंडगा, ऑक्टोबरचा कितवा आठवडा?

उंडगा
दुसरा. शुक्रवार ते सोमवार.

भटकभवानी
झालं! ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी बार्कोलाना असते. १९६९पासून चालत आलेली शिडाच्या बोटींची शर्यत. २०१८ साली २,६८९ बोटी उतरल्या होत्या, गिनीज विक्रम आहे तो. काठावर ही गर्दी होते आणि हॉटेलं कधीच भरून गेलेली असतात. शिडांनी भरलेलं आखात बघायचंच असेल तर जरूर जा, पण त्याला निवांत म्हणू नका. म्हणून महिना विचारत होते.

उंडगा
तरीच! एका साध्या खोलीचे दर बघून मला वाटलं साइट गंडलीये. एक आठवडा पुढे ढकलता येईल बहुतेक. वाढदिवस त्याआधी आहे, पण ठीक आहे.

तिखटमीठ
कुणाचा वाढदिवस?

उंडगा
बायकोचा. सरप्राइज आहे. तिला 'वीकेंडला जवळच कुठेतरी जाऊ' एवढंच सांगितलंय.

भटकभवानी
मग तिचा पासपोर्ट कसा घेणार? शेंगेन असलं तरी इटलीने ऑक्टोबर २०२३पासून स्लोव्हेनियाच्या हद्दीवर तपासणी पुन्हा सुरू केलीये, तिची मुदत वाढवत नेतात. सरसकट अडवत नाहीत, पण बस थांबवून कागद मागू शकतात. परतताना ऑस्ट्रिया-जर्मनी हद्दीवरही तेच. भारतीय पासपोर्टवाल्यांनी पासपोर्ट आणि रहिवासी कार्ड दोन्ही जवळ ठेवावं. नुसत्या कार्डावर भागत नाही, मोबाइलमधल्या फोटोवर तर नाहीच.

उंडगा
माझं ब्लू कार्ड (कुशल नोकरदारांचं रहिवासी कार्ड) आहे. तिचं कार्ड अजून आलेलं नाही, पासपोर्टवर जर्मनीचा व्हिसा आहे. चालेल ना?

भटकभवानी
तो डी व्हिसा (लांब मुदतीचा) असेल आणि मुदत शिल्लक असेल तर चालेल. त्यावर बाकीच्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. तारीख आज बघा, निघायच्या आदल्या रात्री नको. "व्हिसाचा प्रश्नच येत नाही" म्हणे!

तिखटमीठ
आणि पासपोर्ट गुपचूप उचलू नका. ती कपाट उघडेल, पासपोर्ट दिसणार नाही आणि वाढदिवस पोलीस चौकीत साजरा होईल. सांगून टाका सरळ.

खडूस काका
आमच्या वेळी सरप्राइज वगैरे नव्हतं. जिथे नेलं तिथे यायची मंडळी.

तिखटमीठ
काका, काकूंना आयडी काढून द्या इथे, त्यांची बाजूही कळू दे.

पेंडुलम
अवांतर होतंय, पण सरप्राइजवाल्यांसाठी दोन सूचना. एक, मिरामारेला हा किल्ला बांधवणाऱ्या ऑस्ट्रियन राजपुत्र मॅक्सिमिलियनची गोष्ट बायकोला सांगत बसू नका. बायकोसोबत राहायला हौसेने बांधून घेतला, १८६४ साली सम्राट व्हायला मेक्सिकोला गेला, १८६७ साली तिथे गोळ्या घातल्या त्याला. दोन, एल पेदोचिन नावाच्या किनाऱ्यावर जाऊ नका. तिथे मधोमध भिंत आहे, एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला बायका-मुलं. दोघांनी एकत्र जायचं ठिकाण नव्हे ते.

उंडगा
हाहा. ठरलं: आठवडा पुढे, चौकाजवळ, गाडी नाही. पासपोर्टचं तिला सांगतो, गावाचं नाव नाही सांगणार. पिरानची बस जमली तर ठीक, नाहीतर बोटीने मुज्जा करू. शेवटचा प्रश्न: बायको शाकाहारी आहे, अंडंही नाही. तिथे काय मिळेल?

पेंडुलम
हे आधी सांगायचं ना! पिझ्झा-पास्ता मिळेलच, पण ताज्या पास्त्यात अंडं असतं, विचारून घ्या. 'योता' नावाचं राजमा आणि आंबवलेल्या कोबीचं सूप दिसायला शाकाहारी असतं, आत बहुधा डुकराचं मांस निघतं. आलूबुखारा भरलेले बटाट्याचे न्योक्की (उकडलेले गोळे) शोधा. वर लोण्यात परतलेला पावाचा चुरा आणि दालचिनी-साखर. पण बटाट्याच्या पिठातही अंडं घालतात पुष्कळदा, हेही विचारा.

गाडीवान
म्हणून म्हणत होतो, कुकर न्या.

नवशिका२२
छान माहिती. माझ्या भाच्याला इटलीत एमएस करायचंय, बँकेत किती रक्कम दाखवावी लागते?

भटकभवानी
नवीन धागा काढा. आणि कोणतं विद्यापीठ, कोणतं वर्ष, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.