वाळीत टाकलंय आणि पंच म्हणतात ‘हा आमचा धार्मिक हक्क’. तक्रार कशी लिहायची?

गड्डायात्री

सोलापूर शहर, पूर्व भाग. यंत्रमागावर पोट असलेलं कुटुंब. थोरल्या मुलीनं जातीबाहेर रजिस्टर लग्न केलं. त्यानंतर समाजाच्या पंचांची बैठक झाली. निर्णय तोंडी, कागद काही नाही. पण पुढे झालं ते असं:

धाकट्या मुलाच्या साखरपुड्यासाठी समाजाचं मंगल कार्यालय बुक होतं. ते रद्द करून पैसे परत दिले. समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला, ‘सदर घराशी रोटी-बेटी व्यवहार ठेवणाऱ्यास ५,००० दंड’. आजोबांच्या दहाव्याला भावकीतलं कोणी आलं नाही. परत समाजात घ्यायचं तर ५१,००० ‘देणगी’ द्या म्हणतात.

पोलीस ठाण्यात सांगितलं, ‘तुमच्या समाजातला विषय आहे, बसून मिटवा’. पंचांपैकी एक जण शिकलेला आहे. तो म्हणतो, सुप्रीम कोर्टानं १९६२ सालीच ठरवलंय की बहिष्कृत करणं हा धर्माचा अधिकार आहे, आणि परदेशातली कोर्टंही यात पडत नाहीत.

दोन प्रश्न. हे खरं आहे का? आणि तक्रार नेमकी कशी लिहायची? कुटुंब देवाधर्माचं आहे, त्यांना धर्माविरुद्ध काही म्हणायचं नाही.

कोर्टकचेरी

शिकलेल्या पंचानं अर्धंच वाचलंय. उरलेलं अर्धं तुमच्या कामाचं आहे.

मुंबई प्रांतात १९४९ साली बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा झाला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं चार विरुद्ध एक मतानं तो कायदा रद्द केला. आधार होता राज्यघटनेचं अनुच्छेद २६(ख), म्हणजे धर्माच्या बाबतीत आपला कारभार आपण पाहण्याचा संप्रदायाचा हक्क. विरोधी मत खुद्द सरन्यायाधीश सिन्हांचं होतं. पण बहुमतानं संरक्षण कशाला दिलं ते बघा. मूळ श्रद्धेपासून कोणी ढळला, किंवा धर्माचा अत्यावश्यक भाग असलेला आचार मोडला, म्हणून जे बहिष्कृत करणं होतं, त्याला. जुना कायदा कारण कोणतंही असो, सरसकट बंदी घालत होता, म्हणून तो पडला. ट्रस्टचा हिशेब मागितला, पंचांचं ऐकलं नाही, मुलीनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, या कारणांना त्या निकालानं काही कवच दिलेलं नाही. शिवाय त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून १९८६ पासून याचिका आहे, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींनी तो प्रश्न नऊ जणांच्या पीठाकडे पाठवला. तेव्हा ‘कोर्टानं ठरवलंय’ हे पालुपद जरा जपून वापरलेलं बरं.

दुसरं म्हणजे प्रत्येक जात काही ‘धार्मिक संप्रदाय’ होत नाही. त्याला एक श्रद्धा, एक संघटना आणि वेगळं नाव, असं तिन्ही लागतं. शिरूर मठाच्या १९५४ च्या निकालापासून ही कसोटी चालत आली आहे. समाजाचा ट्रस्ट नोंदलेला असेल तर धर्मादाय कार्यालयातून त्याच्या घटनेची नक्कल काढा आणि ‘उद्देश’ हे कलम वाचा. तिथं बहुतेक वेळा वसतिगृह, शिष्यवृत्ती, मंगल कार्यालय असंच असतं. मग ‘आम्ही संप्रदाय आहोत’ हा बचाव त्यांच्याच कागदावर लंगडा पडतो.

तुमच्या हातातला कायदा म्हणजे महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा. विधिमंडळात २०१६ ला मंजूर, राष्ट्रपतींची मंजुरी मिळून जुलै २०१७ पासून लागू. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे गुन्हा नोंदवायला पोलिसांना कोर्टाची परवानगी लागत नाही. ‘मिटवून घ्या’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. पण तो जामीनपात्रही आहे. पंच त्याच दिवशी सुटून गल्लीत परत येतील, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.

आता तक्रार. तक्रारी गळपटतात त्या इथं: लोक लिहितात, ‘आम्हाला वाळीत टाकले, आमचा मानसिक छळ झाला, न्याय मिळावा’. यातून ठाणे अंमलदाराला कलम सापडत नाही. त्या कायद्याच्या कलम ३ मध्ये बहिष्काराचे प्रकार एकेक करून दिलेत: समाजाची वास्तू वापरू न देणं, लग्न-अंत्यविधीसारख्या कार्यात अडथळा, व्यवहार-धंदा तोडायला लावणं, संबंध ठेवू नका म्हणून इतरांना सांगणं. प्रत्येक घटनेसाठी वेगळा परिच्छेद करा आणि त्यात तारीख, जागा, कोण बोललं, काय बोललं, कोणाच्या समोर, एवढं आलं पाहिजे.

दहाव्याचं उदाहरण घ्या. ‘दहाव्याला कोणी आले नाही’ हा गुन्हा नाही. कोणी कोणाकडे जावं ही ज्याची त्याची मर्जी. ‘अमुक तारखेला अमुक पंचाने अमुक नातेवाइकाला फोन करून दहाव्याला जाऊ नको, गेलास तर दंड पडेल असे सांगितले’ हा गुन्हा आहे. न येणाऱ्यावर बोट ठेवू नका, रोखणाऱ्यावर ठेवा. श्रद्धेबद्दल एक ओळही लिहू नका. तुमचं भांडण हॉल, धंदा, दंड आणि धमकी यांच्याशी आहे.

आणि बहिष्कारामागचं खरं कारण तक्रारीत स्पष्ट लिहा: मुलीचं लग्न. ते लिहायला लाजलात की कोर्टात पंच ‘यांनी धार्मिक आचार मोडला’ असं कारण स्वतःच भरून देतात.

पंचनामा

पुराव्याचं सांगतो, कारण अशी प्रकरणं तिथंच ढासळतात.

व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट छापून जोडला की झालं, असं सगळ्यांना वाटतं. तक्रारीला तेवढं पुरतं, खटल्याला पुरत नाही. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत, अ भाग नोंद देणाऱ्यानं भरायचा आणि ब भाग तज्ज्ञानं. त्यात फाइलचं हॅश मूल्यही, म्हणजे फाइलच्या डिजिटल ठशासारखा आकडा, लिहावं लागतं. म्हणून:

ज्या फोनवर मेसेज आला तो फोन विकू नका, रीसेट करू नका, स्क्रीन फुटली तरी जपून ठेवा. ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी पूर्ण चॅट एक्सपोर्ट करा. नुसता मेसेज नको; पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख-वेळ आणि ग्रुपच्या सदस्यांची यादी दिसली पाहिजे. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ व्हायच्या आत. रागाच्या भरात लोक आधी ग्रुप सोडतात आणि मग पुरावा शोधत बसतात.

हॉलचं तर सोनं आहे. बुकिंगची पावती आणि पैसे परत आल्याची यूपीआय नोंद, दोन्ही तारखांसकट. कार्यालयाचं बुकिंग रजिस्टर पोलिसांनी ताब्यात घ्यावं अशी मागणी तक्रारीतच करा, नाहीतर पान बदलतं. त्याच तारखेला हॉल दुसऱ्या कोणाला दिला असेल तर ‘दुरुस्तीचं काम होतं’ हा बचाव गेला.

साक्षीदार समाजाबाहेरचा शोधा. समाजातला माणूस जबाब देतो आणि खटला उभा राहीपर्यंत फितूर होतो, त्याचाही नाइलाज असतो, त्याला त्याच गल्लीत राहायचंय. मंडपवाला, केटरर, किराणा दुकानदार, ज्याचा माल बंद झाला तो सूत व्यापारी, हे टिकतात. समाजातला एखादा बोलायला तयार असेल तर त्याचा जबाब भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवून घ्या. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १६४ म्हणजे हेच.

मुदतही बघा. ३ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची कोर्टानं दखल घ्यायला ३ वर्षांची मर्यादा आहे. ‘पुढच्या यात्रेपर्यंत बघू, मिटेल’ असं म्हणत लोक दोन वर्षं सहज घालवतात.

विधीवाचक

परदेशाबद्दल. पंचांनी ऐकलंय ते कॅनडाचं असावं.

तिथं यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाच्या एका मंडळीनं एका सदस्याला काढून टाकलं. तो घरं-जागा विकून देणारा एजंट होता. त्याची निम्मी गिऱ्हाइकं त्याच पंथातली, ती तुटली. २०१८ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं की यात आम्ही पडणार नाही. पण कारण वाचण्यासारखं आहे: नुसत्या सदस्यत्वाला कायदेशीर हक्क म्हणता येत नाही, आणि अमक्यानं माझ्याकडेच धंदा द्यावा असाही हक्क कोणाला नाही. मालमत्ता किंवा करार यांचा प्रश्न असता तर कोर्ट बसलं असतं. आता आपल्याकडे बघा. समाजातल्या माणसाशी धंदा करू नका असं सांगणं हाच महाराष्ट्रात कायद्यानं गुन्हा केलाय. कॅनडात असा कायदा नव्हता. त्यामुळे तो निकाल सोलापुरात आणून टेकवता येत नाही. आणि हॉलचं बुकिंग हा तर करारच होता की हो.

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्याचा १९८९ चा निकाल आहे. कॉलिन्सविलच्या चर्चमधल्या एका बाईनं लेखी राजीनामा दिला. तरी वडीलधाऱ्यांनी तिचं ‘पाप’ भर सभेत आणि आसपासच्या चर्चमध्येही जाहीर केलं. कोर्टानं रेघ राजीनाम्यावर ओढली: ती सदस्य होती तोवर केलेल्या कारवाईला धर्मस्वातंत्र्याचं संरक्षण, ती बाहेर पडल्यावर केलेल्याला नाही.

युरोपात तर एकाच प्रश्नावर कोर्टं इकडून तिकडे फिरलीत. बेल्जियममध्ये गेंट शहराच्या कोर्टानं २०२१ मध्ये यहोवाज विटनेसेसना, पंथ सोडून गेलेल्यांशी संबंध तोडायला लावल्याबद्दल दोषी ठरवलं. २०२२ मध्ये अपिलात ते सुटले. नॉर्वेनं वेगळी वाट धरली, तुरुंग-दंड नाही, या पंथाचं सरकारी अनुदानच थांबवलं. २०२४ मध्ये ओस्लोच्या कोर्टानं सरकारची बाजू घेतली, मार्च २०२५ मध्ये अपील कोर्टानं ती फिरवली.

माझं मत विचाराल तर बेल्जियम-नॉर्वेत सरकारची अडचण अशी झाली की त्यांना ‘बोलू नका’ या शिकवणुकीवरच बोट ठेवावं लागलं. शिकवणुकीत शिरलं की कोर्ट बिचकतं. वर कोर्टकचेरी म्हणतात तसं दंडाच्या मेसेजवर आणि हॉलवर राहिलात तर त्या दलदलीत पायच पडत नाही.

मानवी हक्कांचा आधार हवा असेल तर नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं अनुच्छेद १८. धर्म मानण्याच्या किंवा स्वीकारण्याच्या स्वातंत्र्याला बाधा येईल अशी जबरदस्ती कोणावर करायची नाही, असं त्यात आहे. भारत १९७९ मध्ये त्यात सामील झाला. वकिलाच्या युक्तिवादात ते ठीक, पोलीस ठाण्यातल्या अर्जात नको. तिथं ते वाचून अंमलदार अर्ज बाजूला ठेवेल.

कोर्टकचेरी

ठाण्यात घेतलंच नाही तर: लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मग तोच अर्ज रजिस्टर पोस्टानं वरिष्ठांकडे, शहर हद्दीत आयुक्तालय, ग्रामीणमध्ये अधीक्षक. तरीही नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे, प्रतिज्ञापत्रासह. आधीच्या दोन पायऱ्यांच्या पोचपावत्या नसल्या की हा अर्ज तिथंच अडकतो. सामाजिक बहिष्कार कायद्यात पीडित किंवा घरचं माणूस थेट मॅजिस्ट्रेटकडेही तक्रार करू शकतं.

एक गोष्ट माहीत असू द्या. ३ वर्षं ते ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीनं १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात. म्हणजे ‘चौकशी चालू आहे’ हे उत्तर १४ दिवस चालेल, तीन महिने नाही.

पंच सुटून आल्यावर दमदाटी झाली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली शांतता राखण्याचा बाँड घ्यायला लावा, आपल्याकडे ज्याला चॅप्टर केस म्हणतात ती. पुढची पंचायत बसणार अशी आधी खबर लागली तर जिल्हाधिकारी ती बैठकच मना करू शकतात.

कायद्याची निवड चुकवू नका. सामाजिक बहिष्काराचा हा कायदा एकाच समाजातल्या बहिष्काराचा आहे. गावातल्या दुसऱ्या जातीनं दलित किंवा आदिवासी कुटुंबावर बहिष्कार टाकला तर ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(झेडसी), ते जास्त कडक आहे. आणि मुलगी-जावयाच्या जिवाला धोका वाटत असेल तर हे सगळं थांबवून आधी संरक्षणाचा अर्ज. सुप्रीम कोर्टानं ऑनर किलिंगबद्दलच्या २०१८ च्या शक्तिवाहिनी निकालात जिल्ह्या-जिल्ह्यात विशेष कक्ष करायला सांगितलंय.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाइन १५१००. बाईच्या नावानं अर्ज केला तर उत्पन्नाची अट येत नाही, त्यामुळे आईला अर्जदार करा.

गड्डायात्री

उत्तम. एक राहिलं. ५१,००० पैकी २१,००० घरच्यांनी घाबरून आधीच दिलेत. पावती ‘मंदिर जीर्णोद्धार देणगी’ अशी आहे. स्वखुशीनं दिले म्हणतील ना?

पंचनामा

म्हणणारच. पण पावतीची तारीख मेसेजच्या तारखेशेजारी ठेवा. आधी दंडाची धमकी, मग चार-आठ दिवसांत देणगी, तेही हप्त्यानं. जीर्णोद्धाराला कोणी हप्त्यानं आणि उरलेल्या रकमेची आठवण करून घेत देणगी देत नाही. बाकीच्या ३०,००० साठी आलेला फोन किंवा मेसेज असेल तर तो सगळ्यात महत्त्वाचा कागद समजा. भीती घालून पैसे घेतले म्हणून भारतीय न्याय संहितेचं ३०८, खंडणीचं कलमही अर्जात मागा. आणि धर्मादाय कार्यालयातून त्या वर्षीचा ट्रस्टचा जमाखर्च काढा. २१,००० तिथं जमा दिसतात का, आणि त्या पावती पुस्तकातले आधीचे-नंतरचे नंबर जुळतात का, ते बघा. पावती मूळ प्रत देऊ नका, साक्षांकित झेरॉक्स द्या आणि मूळ घरात ठेवा. पोलिसांनी मूळच हवी म्हटलं तर जप्ती पंचनाम्यात तिचा नंबर लिहून घ्या.

कोर्टकचेरी

आणि उरलेले ३०,००० देऊ नका. पंच नरमले आणि मिटवायचं ठरलं तर पीडिताची संमती आणि कोर्टाची परवानगी घेऊन मिटवता येतं. पण ते कोर्टात, समाजाच्या हॉलमध्ये शंभराच्या स्टॅम्पवर सह्या करून नव्हे. त्या स्टॅम्पवर नेमकं ‘आमची चूक झाली, समाजाची माफी मागतो’ असं लिहिलेलं असतं.