मदत हवी आहे: ५०० - १२० - ३० चं उत्तर ४१० येतंय

नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, रामबागेत राहतो. मामांच्या शेव-नमकीनच्या दुकानातल्या हिशेबासाठी पायथन या संगणकभाषेत एक इवलीशी मराठी स्क्रिप्ट भाषा लिहितोय. (तयार सॉफ्टवेअर मिळतं, ठाऊक आहे. हौस आहे, चालवून घ्या.)

आत्तापर्यंत एवढंच चालायचं:

ठेव भाव = २४०

बरोबरच्या चिन्हावर ओळ तोडायची, उजवीकडचं इंट()ला (मजकुराचा आकडा करणारं पायथनचं फंक्शन) द्यायचं, आलेला आकडा डावीकडच्या नावात ठेवायचा. मामांना आता हे हवंय:

ठेव बिल = डबा + भाव * किलो

आधी डावीकडून सरळ मोजत गेलो. डबा १५, भाव २४०, किलो २, तर बिल ५१०! हवं होतं ४९५. मग इव्हॅल()ला (दिलेलं गणित पायथनकडूनच सोडवून घेणारं) शरण गेलो. गंमत म्हणजे इंट() देवनागरी आकडे निमूट वाचतं, तेच इव्हॅल()मध्ये घातले की सिंटॅक्स एरर, म्हणजे 'लिहिलंय ते कळत नाही'.

शेवटी तीन फंक्शनं केली: बेरीज() बोलावते गुणाकार()ला, तो घटक()ला, जो एकेक आकडा किंवा नाव वाचतो. ४९५ आले, पेढे वाटायच्या बेतात होतो. तेवढ्यात मामांनी गल्ल्याचा हिशेब घातला:

ठेव उरले = ५०० - १२० - ३०

उत्तर ४१०. हवेत ३५०. उणेच्या पुढचा भाग बेरीज() पुन्हा स्वतःलाच बोलावून काढते. घोळ तिथेच आहे का?

उत्तर १
तिथेच. उजवी बाजू आधी सुटते, म्हणजे ५०० - (१२० - ३०). लूप लावा: पहिला गुणाकार() 'आतापर्यंत'मध्ये ठेवा, पुढे अधिक-उणे दिसेल तोवर नवा गुणाकार() काढून त्यातच मिळवा किंवा वजा करा. भागाकारालाही हेच, नाहीतर १०० / १० / २ चे २० येतील. कंस आला तर मात्र घटक()नं बेरीज()ला बोलवावं. इव्हॅल() सुटलं ते बरंच झालं, त्यातून पायथनची कुठलीही आज्ञा चालवता येते, नको तीसुद्धा.

नावं कशी ओळखता? 'सगळी अक्षरंच आहेत का' हे पाहणारं इजअल्फा() 'भाव'ला नाही म्हणेल, काना त्याच्या लेखी अक्षरच नाही. 'नाव म्हणून चालेल का' हे पाहणारं इजआयडेंटिफायर() वापरा.

धागाकर्ता
३५० आले! नावं मी स्पेसवर तोडत होतो, म्हणून वाचलो. अजून एक: न ठेवलेल्या नावाला मी शून्य धरतो. काल मामांनी 'डबा'ऐवजी 'डब्बा' लिहिलं नि डब्याचे १५ रुपये गेले.

उत्तर २
शून्य कशाला? ओळ क्रमांकासकट एरर द्या. आणि उजवी बाजू पूर्ण सुटल्यावरच डावीकडच्या नावाला हात लावा. मग 'ठेव भाव = भाव + १०' चालेल, आणि ओळ चुकली तरी जुना भाव पुसला जाणार नाही.